चौकातलं जड पाणी

बाईचा हात हातात घेतला की चाचा डोळे मिटायचे. अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबून बघायचे, चारी बोटं जुळवून पंजा निमुळता करायचे आणि तसेच मिटल्या डोळ्यांनी पेटीत हात घालून दोन-चारची नाहीतर दोन-सहाची बांगडी काढायचे. माप बहुधा बरोबर निघायचं. चुकलंच, तर म्हणायचे, "यंदा बाजरी चांगली झालेली दिसती वैनी," आणि एक माप मोठी काढायचे. मग बांगडी बोटांवरून सरकवता सरकवता बोलणं सुरू व्हायचं. विषय कोणताही असो, शेवट ठरलेला असायचा. "हे मी न्हाई म्हणत. लोक म्हणत्यात."

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेजवळचं आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण यातली बरीच माणसं रोज रस्त्यात भेटतात. चाचा मूळचे जुन्नरच्या मणियारांपैकी. आमच्या आळीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. दोऱ्यांत ओवलेल्या बांगड्या खांद्यावर, पेटी हातात, असे ते आसपासची गावं पायी करायचे. कुठलाही परका पुरुष ओट्याच्या पुढं येत नाही अशा घरांत चाचांना आतल्या पडवीपर्यंत जाता यायचं. बांगड्या भरून झाल्या की बायका वाकून त्यांना नमस्कार करायच्या. बांगड्या भरणाऱ्याला नमस्कार करायची आमच्याकडे रीतच आहे, मग तो कुठल्याही धर्माचा असो. चाचा त्या वेळी दुसरीकडे बघत, "सुखी ऱ्हा, माय," एवढंच म्हणायचे.

मी अडतीच्या दुकानात हिशेब लिहितो. माझ्या कामात बेरीज दोनदा केली तरी एकच यावी लागते. म्हणून या माणसाबद्दल लिहिताना मला थोडं अवघड जातं. त्यांच्या बाबतीत माझी बेरीज कधीच दोनदा सारखी आली नाही.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर टेकायचे. एकदा मी विचारलं, "चाचा, बांगड्या भरताना इतकं बोलायलाच लागतं का?"

"बोलल्याबिगर हात सैल पडत न्हाई, भाऊ. बाईचं ध्यान काकणावर आसलं की ती हात आवळती. आवळला की काकण वाढलंच." बांगडी फुटली असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. "ध्यान दुसरीकडं गेलं की आपसूक चढतं."

"मग जिनं सांगितलं तिचं नाव का घेत नाही? सगळं लोकांच्या नावावर का घालता?"

"नाव घेतलं की हात आखडतो. आज हिच्याम्होरं तिचं नाव घेतलं, तर उद्या तिच्याम्होरं हिचं घीन. येवढं बाईमाणसाला कळतं."

म्हणजे त्यांचं बोलणं हे त्यांचं हत्यार होतं, सोनाराची फुंकणी असते तसं. पण त्या बोलण्यानं आणखीही काही होत असे. एकदा ते पिंपळवंडीहून आले आणि म्हणाले, तिथल्या बायका म्हणत्यात, मुलींच्या वर्गाला बाईच शिकवायला पाहिजे. आठवड्याभरात आमच्या आळीतल्या बायका तेच म्हणू लागल्या. पुढं तालुक्याचे साहेब आले, तेव्हा आमच्या सरपंचांनी तीच मागणी उभं राहून मांडली, आणि ही कल्पना आपल्याला पहाटे सुचली असं सांगितलं. सरपंच खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच पहाटे सुचली असणार. मंडळी, तुम्हीही आठवून बघा, आपल्याला म्हणून जे सुचतं ते आदल्या दिवशी कुणाच्या तोंडून ऐकलेलं असतं. मी पुष्कळदा आठवायचा प्रयत्न केला आहे. जमत नाही.

आता नळाची गोष्ट सांगतो, कारण चाचांचं जे झालं ते नळामुळं झालं.

पंचायतीनं नदीकाठच्या विहिरीवर इंजिन बसवलं, टाकी बांधली आणि प्रत्येक आळीला एक नळ द्यायचं ठरवलं. आमच्या आळीत जागा दोन. एक चौकातली, सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर. दुसरी मागच्या बोळात, चिंचेखाली. आमच्या आळीचे पंच चौकाच्या बाजूचे होते. चौकात नळ शोभतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो, गाव सुधारलं असं वाटतं. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती. ते मला म्हणाले, "तुमी हिशेबी माणूस. आळीत घरटी विचारून या राव. उद्या कुणी म्हणाय नको, विचारलं न्हाई."

आळीत बेचाळीस उंबरे. एका रविवारी सकाळी प्रत्येक उंबऱ्याशी उभं राहून मी घरच्या कर्त्याला विचारलं. एकोणचाळीस जण म्हणाले, चौक. दोघे म्हणाले, कुठंही बसवा पण बसवा. एक जण परगावी गेला होता. त्याच्या भावानं चौक सांगितलं, पण ते मी धरलं नाही. इतकी साफ बेरीज मला दुकानातही क्वचित मिळते. मी पंचांना छातीवर हात ठेवून सांगितलं, आळीचं मत चौकाकडं आहे.

पंधरवड्यात शेजारचे तात्या मला थांबवून म्हणाले, "चौकातलं पाणी जड हाय म्हणं."

"कोणतं पाणी? नळ अजून बसलेला नाही."

"म्हणून तर. बसायच्या आधीच बघाय पायजे."

मी त्यांना समजावलं. टाकी एक, नळी एक. तीच नळी चौकातून पुढं बोळात जाणार. चौकातलं पाणी जड असेल तर बोळातलं हलकं कसं होईल? तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "ते आलं ध्यानात," ते म्हणाले, "पण डाळ शिजत न्हाई म्हणत्यात."

पुढच्या काही दिवसांत ज्याला विचारावं तो हेच सांगू लागला. याच माणसांनी मला चौक सांगितला होता. मी जमिनीवर काडीनं टाकी, नळी, चौक, बोळ असं काढून दाखवायचो. लोक माना डोलवायचे, चित्राचं कौतुक करायचे आणि उठताना म्हणायचे, तरी पण जड पाणी नको बाबा.

शेवटी घरी विषय काढला. बायको तांदूळ निवडत होती.

"पाणी कसलं जड," ती म्हणाली. "ते आपलं म्हणायचं."

"मग खरं काय आहे?"

"चौकात दिवसभर कोण बसतं?"

मी मनातल्या मनात मोजले. सायकलवाल्याकडचे, हॉटेलातले, कट्ट्यावरचे.

"त्यांच्यापुढं वाकून हंडा भरायचा, उचलायचा, डोईवर घ्यायचा, पदर सावरायचा. सुनांनी, वयात आलेल्या पोरींनी. रोज दोन वेळा. चिंचेखाली कोण असतं? गाढवं. ती बघत न्हाईत."

"मी विचारायला आलो तेव्हा का नाही सांगितलं कुणी?"

"तुम्ही उंबऱ्याशी विचारलंत. बाया आत होत्या. आणि आपल्या घरी तर कुणालाच विचारलं न्हाई."

ते खरं होतं. आपल्या घरचं मत मी माझंच धरलं होतं.

"पण मग हे असं सरळ का बोलत नाही तुम्ही?"

"कुणापुढं? कट्ट्यावर बसणाऱ्यांपुढंच?" तिनं तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला. "पाणी जड म्हटलं की कुणाला राग येत न्हाई."

मी विचारलं, हे जड पाणी काढलं कुणी? ती म्हणाली, चाचा म्हणत होते. त्याच संध्याकाळी मी चाचांना ओट्यावर विचारलं. ते चकित झाले. "भाऊ, मी तर तुमच्याच पडवीत ऐकलं. वैनीच म्हणल्या."

आतून बायकोचा आवाज आला, "मी म्हटलं न्हाई, चाचा. मी नुसतं विचारलं, चौकातलं पाणी जड आसंल का हो? तुम्ही म्हणालात, आसंल, म्हणत्यात खरं."

"वैनी, तुमी विचारलंत म्हंजी कुणीतरी म्हणत आसंल, आसं मला वाटलं."

दोघंही खरं बोलत होती. एवढी मोठी गोष्ट, एकोणचाळीस उंबरे फिरवणारी, आणि ती कुणीच म्हटलेली नव्हती. सांगितलेलं कारण खोटं, मागणी खरी, आणि बोलणारा कुणीच नाही. ही बेरीज कोणत्या बाजूला मांडायची?

पंचांना मात्र असा प्रश्न पडला नाही. त्यांनी चाचांना हॉटेलात बोलावलं आणि हिशेबाला म्हणून मलाही बसवलं. चहा मागवला. चाचांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत.

"चाचा, तुमी आमच्या बाया फिरवल्या," पंच म्हणाले.

"मी कशाला फिरवू? मी काकणं भरतो."

"मग आता आसं भरा, चौकातलं पाणी ग्वाड हाय म्हणून."

"साहेब, लोक तसं म्हणत न्हाईत."

"तुमी म्हणलात की म्हणत्याल."

"मी म्हणून कुणी म्हणत नसतंय हो." चाचा माझ्याकडं वळले. "भाऊ, तुमीच सांगा. माझ्या म्हणण्यावर कुणी काय केलंय का आजवर?"

पिंपळवंडीची गोष्ट डोळ्यांपुढं होती. पण पिंपळवंडीतही ते नुसते ऐकून आले होते.

पंच हसत हसत म्हणाले, "बाजारात वडाखालची जागा तुमच्याकडं किती वर्सं हाय? पंचायतीची हाय ती. मी काय करणार न्हाई. ध्यानात आसावं, येवढंच."

चाचांनी कप खाली ठेवला. खोटं सांगणार नाही, म्हणाले, पण खरंही सांगणार नाही. निवडणूक होईपर्यंत तोंड मिटून काकणं भरीन. पंचांना तेवढं पुरेसं वाटलं. मलाही वाटलं, हा मध्यम मार्ग बरा निघाला.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. बायकोचा हात घेतला, डोळे मिटले, बांगडी काढली आणि गप्प बसले. ती वाट बघत राहिली. "चाचा, बरं न्हाई का?" त्यांनी मान हलवली. "घरी कुणाचं काही?" पुन्हा मान. बांगडी सांध्यावर अडली. तिचं सगळं ध्यान बांगडीवर. पहिली वाढली, दुसरी वाढली, तिसरीनं हाताला कापलं. चाचांनी स्वतःच्या उपरण्यानं रक्त पुसलं आणि त्या तिन्हींचे पैसे धरले नाहीत.

दारोदार तेच झालं. आळीभर वाढलेल्या काचा. सवाष्णीच्या हातात काकण वाढणं कुणाला चांगलं वाटतं? एरवी बायकांनी चाचांना दोष दिला असता. या वेळी त्यांनी दुसराच अर्थ काढला. मी तो माझ्याच ओट्यावर बसून आतल्या पडवीतून ऐकला.

"चाचांचं त्वांड कुणीतरी बंद केलंय."

"कोण करणार? ज्याला चौक पायजे तो."

"म्हंजी पाणी जडच हाय. नसतं, तर गप का बसवलं आसतं?"

इतके दिवस जे नुसतं म्हणायचं होतं ते आता खरं ठरलं. चाचा बोलत होते तेव्हा काही बायका तरी शंका काढायच्या. चाचा गप्प झाल्यावर कुणालाच शंका उरली नाही. मी हे चाचांना सांगितलं. "बोललो तरी मीच, न बोललो तरी मीच," ते म्हणाले. "मंग मी बसू तरी कसा, भाऊ?"

मतदानाच्या दिवशी बायका घोळक्यानं आल्या. नव्या बांगड्या कुणाच्याच हातात नव्हत्या. पुरुष वेगळ्या रांगेत होते आणि निवडणुकीवर मोठमोठ्यानं बोलत होते. बायका बाजरीच्या भावावर बोलत होत्या. पंच पडले. फार मतांनी नाही, पण पडले. आत कुणी काय केलं ते मला ठाऊक नाही, ठाऊक असूही नये. मी माझं मत कुणाला दिलं ते बायकोनं विचारलं नाही आणि तिचं मी विचारलं नाही.

नवे पंच तरुण होते, मनाचे चांगले. नळ बोळात बसला. पहिलं पाणी सुटलं त्या दिवशी त्यांनी चिंचेखाली छोटी सभा घेतली. सगळी आळी जमली, बायका मागच्या ओट्यांवर. चाचांना हात धरून पुढं आणलं, गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "मंडळी, आपल्या आळीचं मत कुणी तयार केलं? या चाचांनी. दारोदार, पडवीपडवीत जाऊन आपल्या आयाबहिणींच्या मनातलं यांनी काढून घेतलं, म्हणून आज हा नळ हितं हाय."

टाळ्या झाल्या. मी चाचांकडं बघत होतो. हार घातलेला माणूस इतका भेदरलेला मी पाहिलेला नाही. त्यांनी मागच्या ओट्यांकडं मान वळवली. मीही वळवली. तिथं कुणी टाळी वाजवत नव्हतं. बायका आपापले हात पदराखाली घेऊन उभ्या होत्या.

जुन्या पंचांची धमकी चाचांनी सोसली असती. वडाखालची जागा शेवटपर्यंत कुणी काढून घेतली नाही. पण या कौतुकाला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. पडवीत बोललेलं सभेत येतं, हे आता सगळ्या आळीला समजलं होतं. चाचा परत पूर्वीसारखं बोलू लागले, पण समोरून उत्तर येईना. "हूं", "आसंल", "काय की". पुरुषांपैकीही काहींनी घरात सांगून ठेवलं की बांगड्या बाजारात जाऊन भरा, माणूस आत कशाला? माझ्या बायकोनं त्यांना येऊ दिलं. पण तीसुद्धा पूर्वीसारखी बोलली नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "चाचांवर राग न्हाई हो. पण हातच आखडतो. मी काय करू?"

मी नव्या पंचांना भेटून सांगितलं, तुम्ही चाचांचं नुकसान केलंत. त्यांना खरंच कळलं नाही. "मी तर त्यांचा मान केला," ते म्हणाले. "लोकांचं मत ज्यानं तयार केलं त्याचं नाव लोकांना कळाय नको का?" मला वाटतं कळायला हवं. मला हेही वाटतं की कळल्याबरोबर ते मत पुन्हा तयार व्हायचं थांबतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते मला आजही सांगता येत नाही.

चाचांनी घर विकलं नाही, नुसती कडी घातली. जाताना ओट्यावर आले. आंबेगावच्या पूर्वेकडं, लोणीच्या बाजूला जातो म्हणाले. तिकडं कुणी वळखत न्हाई. मी अजून एकदा विचारलं, "चाचा, आता तरी सांगा. पाणी जड हे पहिल्यांदा कोण म्हणालं?"

त्यांनी खूप विचार केला. थट्टा करत नव्हते. "भाऊ, ध्यानात येत न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमाला ठावं आसंल. तुमी घरटी फिरला होतात."

वर्ष-दीड वर्षानं दुकानाच्या कामासाठी मी लोणीला गेलो. ज्वारीचा नमुना बघून गाडीतळाकडं परतत होतो, तेव्हा एका घराच्या पडवीत ओळखीची पेटी दिसली. चाचा पाठमोरे होते. त्यांच्यापुढं एक म्हातारी आणि तिच्या दोन सुना. म्हातारीचा हात चाचांच्या हातात.

"...तिकडं एका गावात," चाचा सांगत होते, "चौकात नळ बसवणार व्हते. पण चौकातलं पाणी लई जड निघालं. डाळ शिजंना. मंग बायांनीच बोळात बसवाय लावला."

"आमच्या हितंबी चावडीम्होरं हापसा बसवायचा म्हणत्यात," थोरली सून म्हणाली. "तिथलं पाणी जड आसंल का वो, चाचा?"

"मी काय सांगू माय," चाचा म्हणाले. "आसंल. लोक म्हणत्यात खरं."

मी रस्त्यात थांबलो. त्यांना हाक मारावी, घरची खुशाली सांगावी, बायकोनं आठवण काढली म्हणावं, असं फार मनात आलं. आणि हेही म्हणावं, की चाचा, आपल्या गावात नळ बसायच्या आधी एक थेंब पाणी कुणी चाखलं नव्हतं. पण म्हातारीचं ध्यान सुनेच्या बोलण्याकडं होतं, हात सैल पडला होता, आणि बांगडी नेमकी सांध्यावर आली होती. हाक मारली असती तर तिनं दचकून हात आवळला असता.

मी बांगडी चढेपर्यंत उभा राहिलो, आणि तसाच गाडीकडं गेलो.